हातावरची गांधी काय सांगते?

सकाळी अंथरूण झटकलं की शिंकांवर शिंका येतात? कारण गादीतले धूळकिडे असतील, गाजरगवताचे पराग किंवा ओल्या भिंतीवरची बुरशीही. ते शोधायला अ‍ॅलर्जीच्या चाचणीत डॉक्टर हाताच्या आतल्या बाजूला पेनानं खुणा करून अशा प्रत्येक पदार्थाच्या अर्काचा एकेक थेंब ठेवतात आणि त्यातून बारीक टोक अलगद टोचतात. तुलनेसाठी गांधी उठवणाऱ्या हिस्टामाइनचा आणि ती न उठवणाऱ्या सलाइनचाही थेंब असतो. 15 ते 20 मिनिटांत डास चावल्यासारखी गांधी उठते. चाचणी सकारात्मक ठरायला सलाइनच्या जागेपेक्षा ती किमान 3 मिलिमीटरनं मोठी हवी. पण नुसती गांधी म्हणजे आजार नव्हे, हे कळकळीनं सांगते. त्रास कधी, कुठे होतो याच्याशी ती जुळायला हवी. अ‍ॅलर्जीच्या गोळ्या चाचणीआधी साधारण आठवडाभर बंद ठेवतात, तेही डॉक्टरांना विचारूनच. दम्याचा पंप मात्र आपल्या मनानं थांबवू नका.