पायलट बेअरिंग आणि सरांचं माप



आत्ता माझी ओळख ‘उद्यमनगरातले उद्योजक’ अशी करून दिली. खरं तर माझं जुन्या जीपगाड्यांचं गॅरेज आहे. म्हणून ज्यातलं कळतं त्यावरच बोलतो. पायलट बेअरिंगवर.

गिअरबॉक्समधून पुढे आलेल्या शाफ्टचं टोक क्रँकच्या मागच्या भोकात टेकलेलं असतं. तिथे त्याला आधार देतं ते हे बेअरिंग. जुन्या पेट्रोल जीपमध्ये नुसता ब्राँझचा बुश असायचा. एरवी क्रँक आणि शाफ्ट एकत्रच फिरतात, त्याला काम नसतं. क्लच दाबून गिअर टाकताना शाफ्ट थांबतो, क्रँक फिरत राहतो. तेवढ्यापुरतं ते राबतं. ते जाम झालं, तर क्लच दाबला तरी शाफ्ट फिरतच राहतो आणि गिअर पडत नाही.

त्या काळी पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसवायची लाट होती. मग टोक एका मापाचं, भोक दुसऱ्या. पण म्हादबा मेस्त्रींच्या गावात पार्ट मिळत नाही म्हणून गाडी थोडीच उभी राहते! लेथवर गनमेटलचा बुश करायचा. वैभववाडीकडच्या एका शेतकऱ्याच्या जीपला मी तसा केला, हातात घेऊन शाफ्टवर फिरवून बघितला, झकास! मग भोकात ठोकला आणि गिअरबॉक्स चढवला.

महिन्याभरात तो आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी कोल्हापूरला आणत होता. करूळ घाटात बुश जाम झाला. चाकाला दगड लावून मायलेकरांनी पावसात रात्र काढली. ऑपरेशनची तारीख गेली. पुढे गाडी ओढून आणली, तेव्हा तो मला एक शब्द बोलला नाही. गिअरबॉक्स उतरवून जळका बुश मी काढला, तोही शेजारी उभा राहून बघत होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसलाय म्हणून आज सांगतो. आठवीत टेक्निकलच्या तासाला तुम्ही शिकवलं होतं, की बुश ठोकून बसवला की त्याचं आतलं भोक आकसतं. म्हणून बसवल्यावर परत माप घ्यायचं. मला ते पाठ होतं. पेपरात मार्कही मिळाले होते. त्या दिवशी संध्याकाळ झाली होती, आणि मी माप घेतलं नाही.

तेव्हापासून बसवल्यावर माप घेतल्याशिवाय गिअरबॉक्स चढत नाही. पोरांनाही तेच शिकवतो. बेअरिंग आणायला जाताना झिजलेल्या जुन्याच्या मापावर जाऊ नका; नंबर वाचा. ६२०२ म्हणजे आत १५, बाहेर ३५, रुंदी ११ मिलिमीटर. नंबर पुसला असेल तर टोक आणि भोक मोजा. ठोकताना बाहेरच्या कडीवर ठोका, आतल्या नव्हे. आणि गिअरबॉक्स उतरवलाच आहे, तर शंभर-दोनशे रुपयांसाठी जुनं तसंच ठेवू नका. पार्ट स्वस्त असतो, पण त्याच्यापर्यंत पोचायला अख्खी गाडी खोलावी लागते.

त्या माउलीचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात झालं. तिला घाटातून आणायला मी स्वतः गेलो होतो.

सर, शाळेच्या कार्यशाळेसाठी एक व्हर्निअर आणलाय. आधी तुम्ही तपासून घ्या.