छोटा भीम आणि चिखलदऱ्याचा भीम
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. मंडळात पोळ्या लाटायला बोलावले तर धावत येते. पण बोलायला उभी राहण्याची ही पहिलीच वेळ. "प्रवासाला गेला होता, त्याचेच चार शब्द सांगा," असे चिटणीसबाई म्हणाल्या, म्हणून धीर केला. चुकले तर सांभाळून घ्यावे.

माझी धाकटी बहीण अकोल्याला असते. तिच्या आठ वर्षांच्या मुलाला छोट्या भीमाचे भारी वेड. हैदराबादच्या राजीव चिलका यांनी काढलेला हा भीम २००८ साली टीव्हीवर आला आणि घरोघरच्या मुलांचा झाला. ढोलकपूर त्याचे गाव. टुनटुन मावशीचे लाडू खाल्ले की त्याच्या अंगात बळ येते. खोपोलीजवळ इमॅजिका नावाची करमणुकीची मोठी बाग आहे. मनमोहन शेट्टी यांनी ती २०१३ साली सुरू केली. तिथे छोट्या भीमाची सफर आहे असे कळल्यापासून भाच्याने घर डोक्यावर घेतले होते.

निघताना सासूबाईंनी विचारले, "भीम म्हंजे कीचकाले मारला थो? मंग त्याच्यासाठी येवढ्या दूर कायले जाता? थो तं आपल्या चिखलदऱ्यात हाये!" आम्ही सगळी हसलो.

मी अमरावतीला संध्याकाळच्या मुंबई गाडीत बसले, बहीण व भाचा अकोल्याला चढले. शेगाव आले तसे खिडकीतूनच महाराजांना हात जोडले. पहाटे कल्याणला उतरून कर्जतवरून लोकलने खोपोली गाठली. तिथून पालीच्या गणपतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ती बाग आहे.

तिथले सगळेच सांगत बसले तर रात्र होईल. अलीबाबाच्या गुहेत गाडीत बसवून हाती बंदूक देतात. गोळीऐवजी प्रकाशाचा किरण सुटतो, आणि तो चोराला लागला की गुण मिळतात. भाच्याने माझ्या दुप्पट गुण केले. चाळिशी उलटलेली मी पदर खोचून चोरांवर नेम धरीत होते, हे आमच्याकडे अजून कोणाला खरे वाटत नाही.

भीमाच्या सफरीत मी भीमापेक्षा पोराकडेच जास्त पाहिले. घरी टीव्हीपुढे लोळणारा मुलगा मुठी आवळून, पुढे सरकून बसला होता. भीमाला ओरडून ओरडून धीर देत होता. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "मावशी, आपण होतो म्हणून भीमाला जोर आला ना?" अशा ठिकाणी मूल गोष्ट नुसती बघत नाही, त्या गोष्टीतलेच एक होऊन जाते. पैसे बरेच गेले, पण त्या एका वाक्याने मला ते वसूल वाटले.

परतीच्या गाडीत सासूबाईंचे बोलणे आठवले. म्हणून दिवाळीच्या सुटीत त्याला परतवाड्यावरून घाट चढून चिखलदऱ्याला नेले. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत टाकले, म्हणून कीचकदरा, आणि त्याचा पुढे चिखलदरा झाला, असे आपल्याकडे सांगतात. भीमकुंडाच्या काठावर बसून मी त्याला ती कथा सांगितली. विराटाच्या घरी भीम बल्लव नावाने आचारी होता, हे ऐकून पोरगा खूष झाला. "म्हणजे लाडू तोच वळत असेल!" म्हणाला.

पुढे सैरंध्रीची गोष्ट आली. राणीचा भाऊ कीचक तिच्या मागे लागला. ती धावत राजसभेत आली, तर त्याने सगळ्यांदेखत तिला लाथ मारली. राजा बसला होता, सभा भरलेली होती. कोणी उठले नाही. शेवटी ती रात्री मुदपाकखान्यात गेली आणि तिने भीमाला उठवले.

भाच्याने विचारले, "मावशी, बाकीचे का नाही उठले?"

भगिनींनो, मला उत्तर देता आले नाही. कारण मीही एकदा त्या सभेत बसलेली आहे. पूर्वी आम्ही एका वाड्यात भाड्याने राहत होतो. भिंतीपलीकडून रात्री सुनेचे रडणे ऐकू यायचे. लोकांच्या घरात आपण कशाला पडा, असे म्हणून मी दिवा मालवायची. एक दिवस ती माहेरी गेली, ती परत आली नाही. "बाई, जेवलीस का?" एवढेही मी तिला कधी विचारले नव्हते.

त्या बागेत सगळी मुले भीमाच्या बाजूने ओरडत होती. तिथे ते सोपे होते. आपल्या आळीत ते अवघड जाते, कारण ओळखीचे लोक असतात, उद्या तोंड दाखवायचे असते. एकटीला भीती वाटते हे मी जाणते. म्हणून आज मंडळापुढे माझे एकच मागणे आहे. कोणाच्या घरातून असा आवाज आला, तर दोघीतिघींनी मिळून जावे आणि दार वाजवावे. निमित्त विरजणाचे का असेना! आत कोणी आहे आणि बाहेरही कोणी आहे, एवढे त्या घराला कळले तरी पुष्कळ झाले.

भाचा हल्ली भीमाचे चित्र काढतो, तेव्हा त्याच्या एका हातात गदा असते आणि दुसऱ्या हातात झारा. ते चित्र मी आमच्या स्वयंपाकघरात लावले आहे.