प्रार्थना आणि दुःख

दुःख टळावें म्हणून मनुष्य प्रार्थना करतो. तें टळलें नाहीं, तर प्रार्थना व्यर्थ गेली काय? ख्रिस्ती धर्म या प्रश्नाचें उत्तर गेथशेमाने बागेंत शोधतो. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्रीं येशू ख्रिस्तानें तेथें मरण टळावें अशी याचना केली. मात्र निर्णय पित्याच्या इच्छेवर सोपविला. मरण टळलें नाहीं. पण प्रार्थनेहून उठल्यावर पकडावयास आलेल्यांना तो स्वतः सामोरा गेला.

हिटलरचे विरोधक, जर्मन धर्मोपदेशक डीट्रिख बोनहोफर यांनीं १९४३ च्या नाताळांत, बर्लिनच्या टेगेल तुरुंगांतून, सहबंदिवानांसाठीं प्रार्थना लिहिल्या. त्यांत सुटकेची मागणी आहेच. परंतु हातीं असलेला दिवस निष्ठेनें जगण्याचें बळही मागितलें आहे. ९ एप्रिल १९४५ रोजीं फ्लॉसेनबुर्ग येथें त्यांना फांशी देण्यांत आली.

ख्रिस्ती श्रद्धा दुःखाला गोड म्हणत नाहीं. वधस्तंभावर देव स्वतः मानवाच्या दुःखांत उतरला, अशी तिची धारणा आहे. म्हणूनच कोठडीचें दार उघडलें नाहीं, तरी आंतला मनुष्य एकटा नव्हता, हें त्या प्रार्थनेचें फळ ती मानते.