नाताळची चांदणी बुरडाच्या दुकानातून

इअरफोन नीट लावा, आजचा भाग हातानं काहीतरी करायचा आहे.

डिसेंबर लागला की 'नैसर्गिक सजावट'चे व्हिडिओ धो-धो यायला लागतात. पाइनच्या फांद्या, लाल बोरांची हिरवी झुडपं, खिडकीबाहेर बर्फ. बघायला छान वाटतं. पण आपण राहतो चंद्रपुरात, बल्लारपुरात, मूलला, गडचिरोलीला. इथं सूचिपर्णी झाडाची कुंडी हौसेनं आणली तरी मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की तिची काय गत होते, ते ज्यांनी आणली त्यांना विचारा. म्हणून आज आपल्याच मातीतलं बोलू. चांदणी, गोठा, झाड, तोरण, सगळं इथल्या वस्तूंचं.

आपल्याकडं नाताळ काही परका सण नाही, बरं का. सिरो-मलबार चर्चचा चांदा धर्मप्रांत 1962 पासून आहे आणि त्याचं केंद्र बल्लारपूरला आहे. कोळसा खाणी, पेपर मिल, रेल्वे यांच्यामागं केरळ, आंध्र, तमिळनाडूतून कितीतरी कुटुंबं इथं येऊन स्थायिक झाली. डिसेंबरात वसाहतीतून फिरलात तर दारोदारी चांदण्या दिसतात. फक्त आता त्या बहुतेक प्लास्टिकच्या असतात, पुठ्ठ्याच्या डब्यातून घडी होऊन आलेल्या. ज्या जिल्ह्यांत बांबूची राने आहेत, तिथं ही गोष्ट मला जरा खटकते.

तर पहिली चांदणीच घेऊ. बुरडाकडून दोन-दोन फुटांच्या दहा कामट्या चिरून घ्या, करंगळीपेक्षा बारीक. पाच कामट्यांची एक चांदणी बांधायची, वहीत पेन न उचलता काढतो ना, तशीच. उरलेल्या पाचांची दुसरी. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाचही टोकं सुतळीनं घट्ट बांधा. मग मधे जो पंचकोन दिसतो, त्याच्या पाच कोपऱ्यांत तीन-चार इंचांचे काडीचे तुकडे उभे अडकवा. दोन्ही चांदण्या मधून फुगतात आणि सपाट आकृतीचा कंदील होतो. वर पतंगाचा कागद लावा, मागून एक पाकळी उघडी ठेवा, आत एलईडी दिवा सोडा. जुना तापणारा पिवळा बल्ब नको, कागद जळेल. दिवाळीचा आकाशकंदील ज्यानं घरी केलाय त्याला हे अर्ध्या तासाचं काम आहे. नसेल केला, तर पहिली चांदणी वाकडी होईल. होऊ द्या.

कामट्या ओल्या असतानाच वाकवा, वाळल्या की तडकतात. आणि पुढच्या वर्षी हाच सांगाडा वापरायचा असेल तर आधी कामट्या आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवा आणि सावलीत वाळवा. बांबूत पिष्ट असतं, त्यावर भुंगा येतो आणि खाली पिवळी भुकटी पडत राहते. पाण्यात ठेवल्यानं ते बरंचसं निघून जातं. हे मला बाजारातल्या एका बुरड काकाजींनी सांगितलं. मी विचारलं, "काकाजी, मग तुम्ही टोपल्यांना का नाही करत असं?" ते म्हणाले, "टोपली टिकली तर दुसरी कोण घेईल गा?"

आता हा बांबू येतो कुठून, ते ऐका, कारण खरी गोष्ट तिथंच आहे. आपल्या रानातला मुख्य बांबू म्हणजे मानवेल. शास्त्रानुसार बांबू गवत आहे, पण कायद्यानं तो कित्येक वर्षं झाड होता, भारतीय वन अधिनियम 1927 मुळं. म्हणजे तोडायला परवानगी, न्यायला वाहतूक परवाना. त्याच काळात रानातला बांबू ट्रकच्या ट्रक भरून कागदासाठी जात होता. बल्लारपूरची मिल 1945 ची, तिच्या मूळ नावातच पेपर आणि स्ट्रॉ बोर्ड होतं. रानाला लागून राहणाऱ्या माणसाला मात्र स्वतःच्या कुडासाठी बांबू आणणं हा गुन्हा ठरायचा.

2006 च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज म्हटलं, म्हणजे तो गोळा करून विकायचा हक्क गावाचा झाला. कागदावर. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू विकायला परवाना पुस्तक मिळेना. शेवटी 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. पुढं 2017 मध्ये वनाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला. म्हणजे आज शेताच्या धुऱ्यावर लावलेला बांबू तोडायला वन अधिनियमाची आडकाठी नाही. बुरड समाजाला वनविभाग सवलतीत बांबू देतो, पण तो वेळेवर आणि हवा तसा मिळतो का, हे त्यांच्या दुकानात पाच मिनिटं बसलात तरी कळेल. म्हणून माझी विनंती एवढीच: चांदणीच्या सांगाड्याला घासाघीस करू नका. ऑनलाइन चांदणीला आपण करत नाही ना?

काम पाहायचं असेल तर मूल रोडवर चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये त्याच्या बांबूच्या नव्या इमारतीला आग लागून मोठं नुकसान झालं होतं, बातम्यांमध्ये पाहिलं असेल. चंद्रपूरच्याच मीनाक्षी वाळके यांनी बांबूच्या राख्या करून नाव कमावलं. राखी होते, तर चांदणी का नाही?

झाडाकडं वळू. ख्रिसमस ट्रीसाठी सुरूची किंवा मोरपंखीची फांदी मोडणं बंद करा. बुरडाकडूनच तीन-चार टोपल्या घ्या, मोठ्यापासून लहानापर्यंत, आणि उपड्या करून एकावर एक ठेवा. वर लहानशी चांदणी. झालं झाड. 6 जानेवारीला सण आटोपला की त्याच टोपल्यांत कांदे-बटाटे.

आणि बर्फ? वरोरा, राजुरा, कोरपना या भागातल्या मित्रांनो, तुमच्या शेतात डिसेंबरात बर्फच असतो की! वेचणी झालेल्या पऱ्हाटीची एक फांदी आणा. रिकामं बोंड नीट पाहा, चार-पाच पाकळ्यांचं तपकिरी फूल असतं ते. त्यातल्या दोन-चार बोंडांत कापूस ठेवला की दुसरं काही लागत नाही. पण एक नियम पाळा. पऱ्हाटीच्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात बाहेर पडते, म्हणूनच पऱ्हाटी साठवू नका असं कृषी विभाग सांगत असतो. सण संपला की ती फांदी चुलीत. गच्चीवर टाकून विसरायची नाही.

गोठा सगळ्यात सोपा आहे. झाडीपट्टीत यावेळी धान निघालेलं असतं, तणस हवं तेवढं मिळतं. 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसनं गव्हाणीचा देखावा केला, तेव्हा चारा आणि खरे बैल-गाढव आणले होते. आपल्याकडं चारा आणि बैल दोन्ही आहेत, गाढव तेवढं शोधावं लागेल. तणसात दिव्यांची माळ खुपसू नका, ती बाहेरच्या कडेनं फिरवा. तणसाला ठिणगी पुरते.

गोठ्यापुढं हिरवळ हवी तर 14-15 तारखेला परातीत माती घालून गहू पेरा, आपण घटाला पेरतो तसा. पंचविसाला चार-पाच बोटं उंच गवत तयार. क्रोएशिया, हंगेरीतही 13 डिसेंबरला, संत लुसीच्या दिवशी, नाताळसाठी गहू पेरतात. घट बसवणाऱ्या घरात हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

दारावरच्या गोल तोरणाला घाणेरी वापरा. परदेशातून आलेलं हे झुडूप आता रस्त्याकडेला, धुऱ्यावर, सगळीकडं माजलंय, कितीही तोडलं तरी कुणाचं नुकसान नाही. हातमोजे घाला, पानं आणि फळं तिथंच झाडून टाका, म्हणजे बी घरी येणार नाही. ओली काडी गोल वळते. त्यात सागाची फुग्यासारखी फळं आणि शिरीषाच्या वाळक्या शेंगा अडकवा, वाऱ्यावर खुळखुळतात. लाल रंगासाठी गुंजा सुचतील. दिसतात सुंदर, पण फुटलेली किंवा चावलेली गुंज जीवघेणी विषारी असते. घरात लहान मूल असेल तर नकोच.

आणि हे सगळं गोळा करायचं ते शेतातून, रस्त्याकडेनं, बाजारातून. जंगलातून नाही. ताडोबाच्या गाभा क्षेत्रातून काही उचलायला कायद्यानंच मनाई आहे, पण मी कायद्यासाठी म्हणत नाहीये. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्यांना पोटासाठी जावं लागलं होतं. आपण रीलसाठी शेंगा वेचायला वाकायचं, तेही घाणेरीच्या दाट झुडपाशेजारी, जिथं वाघ दहा फुटांवरही दिसत नाही? वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटेलच असं नाही. गावाच्या कडेला घाणेरी तोडायची तरी दोघं-तिघं मिळून, भर दिवसा, आवाज करत जा.

बुरडाला कामट्यांचं दहा तारखेच्या आत सांगा. लग्नसराईच्या सूप-टोपल्यांचं काम त्यांच्याकडं असतं, तेविसाला गेलात तर ते हसतील. चांदणी झाली की फोटो पाठवा. वाकडीचाही चालेल. भेटू पुढच्या भागात.