प्लग आधी बोटांनी

आज बोलायचंय ते जुनी फियाट, म्हणजे पद्मिनी, बाळगणाऱ्या मंडळींशी. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्स्या ऑक्टोबर 2023 अखेर रस्त्यावरून गेल्या, पण कव्हराखाली लेकरासारख्या जपलेल्या घरच्या गाड्या अजून आहेत. त्यांचे मालक रविवारी बाह्या सरसावून स्पार्क प्लग बदलायला बसतात. बसा, जरूर बसा. माझी तक्रार एकच : तुम्ही पाना फार लवकर उचलता.

काढताना पाना हवाच. त्याआधी सायकलच्या पंपानं प्लगभोवतीची धूळ उडवा, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये जाते. वायर ओढायची नाही, टोपी धरून काढायची. आणि एका वेळी एकच. चारही वायरी सोडून मग ठिणगीचा 1-3-4-2 हा क्रम आठवत बसलेले लोक मी पाहिलेत.

पण लावताना? लावताना पाना खाली ठेवा. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा असला तरी हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे आणि प्लग पोलादी. प्लग तिरका लागला आणि तुम्ही पान्यानं रेटलात, की तो हेडमध्ये आपले वेगळे आटे पाडत आत शिरतो. तुम्ही खूश, की काय घट्ट बसला! जुन्या अँबॅसडरचं हेड बिडाचं, ते थोडं सोसून घेतं. तो हात फियाटवर चालवू नका.

घरात लोणच्याची बरणी असेलच, फिरकीच्या झाकणाची. झाकण घाईत वाकडं लागलं की अर्ध्यातच अडकतं, आणि जोर लावला तर तसंच बसतं, रस गळत राहतो. जाणती बाई काय करते? झाकण आधी उलटं फिरवते. आटे जुळले की झाकण टक्‌ करून किंचित खाली बसतं, मग सुलटं. प्लगचंही हेच. आधी उलटा फिरवा, तो टक्‌ होऊ द्या, मग सुलटा. बरणीत फार तर लोणचं जाईल. इथे हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यायची वेळ येते.

बोटं पोचत नसतील तर पेट्रोलची रबरी नळी घ्या, वीतभर. प्लगच्या चिनीमातीच्या टोकावर घट्ट बसेल अशी. तिनं प्लग फिरवा. प्लग सरळ असेल तर तो सुरसुर आत जातो. तिरका असेल तर नळी घसरते, जोर लागतच नाही. पाना कधी घसरत नाही, हाच त्याचा दोष. पुन्हा सांगतो, कारण आत्ता कुणीतरी चहा आणायला उठलं असेल : आधी नळी, मग पाना.

आणि पाना तरी किती? वायसर टेकेपर्यंत बोटांनी, मग नव्या प्लगला साधारण अर्धा फेरा. जुनाच परत लावत असाल तर त्याहून बराच कमी, त्याचा वायसर आधीच दबलेला असतो. पान्याच्या दांड्याला पाइप जोडून ताकद लावणाऱ्यांना मी काय बोलू?

हो, बरणीवरून कुणी म्हणेल, गरम पाण्यात धरली की झाकण सुटतं, मग तापलेल्या इंजिनातून प्लग सहज निघेल. नाही हो! इथे बरणी सोडा. गरम हेडमध्ये आटे ओरबाडण्याची धास्ती जास्त. इंजिन थंड होऊ द्या, रात्रभर उभी राहिलेली गाडी उत्तम.

गॅपचं राहिलंच. फीलर गेजनं तपासा, आकडा गाडीच्या पुस्तकातला घ्या. वाकवायचा तो बाहेरचा दांडा, मधल्याला धक्का लावायचा नाही. हातातून फरशीवर पडलेला प्लग लावू नका. चिनीमातीला बारीक तडा गेला तर तो दिसत नाही, गाडी मात्र मिसिंग करते.

काढलेले चारही प्लग क्रमानं मांडून ठेवा. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर ठीक. कोरडं काळं असेल तर पेट्रोल जास्त जातंय, कार्बोरेटरकडे बघा. आणि एकच ओला, तेलकट निघाला तर मात्र त्या सिलिंडरच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे... पण स्टुडिओच्या काचेपलीकडून बाई वेळ संपल्याचा हात दाखवतायत. रिंगांचं पुढच्या वेळी.