'वाइन' आणि 'व्हाइन' : ओठांचा अभ्यास

द्राक्षाचा वेल म्हणजे 'व्हाइन' आणि द्राक्षाचं मद्य म्हणजे 'वाइन'. आपल्या तोंडून हे दोन्ही शब्द बहुधा सारखेच बाहेर पडतात. अवघड 'व्ह' आहे असा सर्वसाधारण समज. मला मात्र 'वाइन'मधला व अधिक अवघड वाटतो, कारण तो आपल्याला येतोच असं आपण धरून चालतो.

आपल्या व्याकरणपरंपरेत व दंतोष्ठ्य मानला आहे. आरशासमोर 'वीज' म्हणून बघा. खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो, पण तिथे हवा घासत नाही. इंग्रजी 'व्हाइन'मध्ये दात ओठावर हलके टेकतात आणि हवा घासत बाहेर पडते. 'वाइन'मध्ये दातांचं कामच नाही; दोन्ही ओठ गोल होऊन पुढे येतात आणि जिभेचा मागचा भाग वर उचलला जातो. आपला व या दोहोंच्या अधेमधे. म्हणून इंग्रजी कानाला तो कधी असा, कधी तसा ऐकू येतो.

हिंदीत 'वीडियो' लिहितात, आपण 'व्हिडिओ'. हा भेद मराठी लेखनाने टिपला, याचा मला अभिमान आहे. पण 'केव्हा', 'जिव्हाळा' यांतला महाप्राण त्या इंग्रजी ध्वनीत नाही. 'व्हेरी' म्हणताना ह वगळायला हवा.

आता कृती. शीळ घालताना करतो तसे ओठ गोल करा, 'ऊ' धरा आणि तिथून 'एस्ट'कडे घसरा. पश्चिम दिशेचा 'वेस्ट' मिळेल. मग 'फॅन'मधला फ दात ओठावर टेकवून लांबवा, गळ्यावर बोट ठेवा आणि दात न हलवता आवाज मिसळा. बोटाला कंप जाणवला की 'व्हॅन' झालं. हा ध्वनी श्वास पुरेल तोवर लांबवता येतो. 'वेस्ट'मधला व लांबवला तर त्याचा ऊ होतो. स्वतःची परीक्षा घ्यायला एवढी खूण पुरते.

हे दोन ध्वनी गोंधळले तर लाज कसली? जुन्या इंग्रजीत 'व्ह' हा स्वतंत्र ध्वनीच नव्हता. स्वरांच्या मधे आलेला 'फ' तसा उच्चारला जाई. १०६६च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच शब्दांचा ओघ आला आणि 'व्ह' शब्दारंभी रुळला. 'व्हॉइस', 'व्हिलेज' फ्रेंचमधून आलेले. 'वॉटर', 'विंड' मूळचे. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मधला (१८३६-३७) सॅम वेलर तर लंडनचाच, आणि तो या दोन ध्वनींची सर्रास अदलाबदल करतो.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: शब्दांची यादी पाठ करून घेण्याआधी वर्गात एक आरसा ठेवा, मुलांना स्वतःचे ओठ पाहू द्या, आणि चुकणाऱ्या मुलाला कोणी हसणार नाही याची काळजी घ्या.