बाया कर्वे : एका कुलमातेचे स्मरण

(मंडळाच्या दहिसर येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या प्रसंगी ज्ञातीतील एखाद्या कर्त्या पुरुषाचा गौरव करण्याचा प्रघात आहे. आज आम्ही एका माउलीचे स्मरण करणार आहो. आपल्यापैकी अनेकांची घराणी कोकणातून गिरगावात आली आणि तेथून लोहमार्गाच्या कडेकडेने उत्तरेस सरकत दहिसरपर्यंत पोचली. १९५७ पूर्वी हे गाव बृहन्मुंबईच्या हद्दीतही नव्हते. या वाटचालीत बिऱ्हाडामागून बिऱ्हाड मांडले ते घरातील आजीने. अशा सर्व आज्यांची प्रतिनिधी म्हणून आम्ही महर्षी कर्व्यांच्या सहधर्मचारिणी आनंदीबाई ऊर्फ बाया यांची निवड केली आहे.

बायांचे माहेर देवरुखचे जोशी; माहेरचे नाव गोदूबाई. संसार म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच त्यांना वैधव्य आले. पुढे बंधू नरहरपंतांनी त्यांना मुंबईस आणले. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये काढलेल्या शारदा सदनात त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या. विशी उलटल्यावर त्यांनी पाटी हाती घेतली. ११ मार्च १८९३ रोजी नरहरपंतांचे स्नेही प्रो. धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला.

यापुढची हकिकत आपण विशेष लक्ष देऊन ऐकावी. हे दांपत्य मुरूडास, कर्व्यांच्या गावी गेले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांजवर बहिष्कार घातला. बहिष्कार घालणारे कोणी परके नव्हते. आपल्यासारखेच देवधर्म करणारे, लेकीबाळींवर माया करणारे आपले ज्ञातिबांधव होते. ज्यांचा आज आपण अभिमानाने उच्चार करतो, त्यांना आपल्याच ज्ञातीने एकदा दार लावून घेतले होते, हे या स्मरणिकेत नमूद असावे.

१८९६ मध्ये अण्णांनी अनाथ बालिकाश्रमाचे कार्य आरंभिले. आश्रम हिंगण्यास गेल्यावर अण्णांची दिवसा महाविद्यालयात शिकवणी आणि नंतर हिंगण्याची पायपीट सुरू झाली. घरचा गाडा बायांनी ओढला. सवतीचा मुलगा रघुनाथ आणि स्वतःचे शंकर, दिनकर, भास्कर हे सारे त्यांच्या पदराखाली वाढले. अण्णांनी आपली पाच हजार रुपयांची आयुर्विम्याची पॉलिसीदेखील आश्रमास देऊन टाकली, तेव्हा मात्र बाया दुखावल्या. उद्या या मुलांनी कोणाच्या तोंडाकडे पाहावे, ही त्यांची चिंता होती. त्या रागात आम्हांस यत्किंचितही कमीपणा दिसत नाही. पती जगाचा संसार करीत असता घरचा संसार कोणी तरी सांभाळावा लागतो; आणि त्यागाची कीर्ती एकाच्या नावे जमा होते, तरी त्याची किंमत घरातील दुसरे माणूस मोजीत असते. बायांनी ती मोजली, बोलूनही दाखविली, आणि तरीही अण्णांची साथ सोडली नाही.

२९ नोव्हेंबर १९५० रोजी, पंचाऐंशीच्या आसपास वय असता, त्यांनी देह ठेवला. अण्णांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले, ते पाहण्यास त्या नव्हत्या. परंतु त्यांची हकिकत त्यांच्याबरोबर गेली नाही. ‘माझे पुराण’ या नावाने त्यांनी ती सांगून ठेविली आणि सूनबाई कावेरीबाईंनी तिचे संपादन केले. सासूने सांगावे आणि सुनेने जतन करावे, याहून मोठे श्राद्ध कोणते?

म्हणून आमची दोन मागणी आहेत. ज्या घरात आजी आहे, तेथे नातवंडांनी वही घेऊन तिच्यापाशी बसावे; तिचे गाव, तिचे पहिले बिऱ्हाड, तिने गिळलेले अपमान, सारे लिहून घ्यावे. ते मागाहून लिहू म्हटल्यास सांगणारी राहत नाही. दुसरे असे की, एखादी लेक वा सून आपल्या मनाने वेगळी वाट चालू लागली, तर मुरूडची आठवण ठेवून आपले दार उघडे ठेवावे.

बायांच्या पुण्यस्मृतीस वंदन करून आम्ही आपली रजा घेतो.